मागं वळून बघायचं नाही

लग्न होऊन अंधेरीला आले, तेव्हा पहिले कित्येक दिवस मी नवऱ्याची नुसती पाठ बघितली. बाजारात जायचं झालं की हे पुढं, मी मागं. पन्नास सालानंतरची गोष्ट ही. तेव्हा सगळ्याच बायका मागून चालायच्या, त्यात नवल नव्हतं. पण बाकीचे नवरे चार पावलं गेले की वळून तरी बघायचे, बायको आहे की हरवली. आमचे हे तेवढंही करत नसत. एकदा स्टेशनाजवळ माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी तिथंच खाली बसले आणि हे सरळ घरी पोचले. मी तुटकी चप्पल हातात घेऊन आले, तर ओट्यावर बसून मलाच विचारतात, "एवढा वेळ कुठं होतीस?" म्हटलं, "माहेरी जाऊन आले."

यांनी कारण सांगितलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. आमच्या चाळीच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये एक व्यायामशाळा होती. तिथले वस्ताद पूर्वी पलटणीत होते आणि हौशी लोकांना लांब पल्ल्याचं पळणं शिकवायचे. त्यांचे नियम दोन. पळताना पाणी प्यायचं नाही, तोंडात आवळ्याची फोड धरायची. आणि मागं वळून बघायचं नाही, मागं काहीही होवो. "ज्यानं मागं बघितलं, त्याचे पाय मागंच राहिले," असं ते म्हणायचे. तो नियम यांच्या अंगात इतका भिनला होता की मेथीची जुडी आणायला निघाले तरी शर्यतीत असल्यासारखे चालायचे.

"मग वस्तादांना विचारा," मी म्हटलं, "बायको बरोबर असली तर काय करायचं."

"विचारलं नाही कधी," हे म्हणाले, आणि खरंच विचारात पडले. अशा भोळ्या माणसावर रागवायचं तरी किती.

आता माझा नियम सांगते. मी यांचं नाव घेत नाही, इथंही घेणार नाही. लग्नात उखाण्यात काय पुटपुटले असेन तेवढंच. आमच्या गावी, कोकणात, मी लहान असताना एका बाईनं भांडणाच्या भरात नवऱ्याला नावानं हाक मारली आणि पुढच्या पावसाळ्याआधी तो विहिरीत पडून गेला. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सगळा गाव म्हणाला. तुम्ही हसाल. मी कधी हसले नाही. त्या बाईचं मोकळं कपाळ मी रोज पाणवठ्यावर बघत मोठी झाले.

हे अंधेरीच्याच एका स्टुडिओत सुतार होते. सिनेमासाठी फळ्या ठोकून वाडे उभे करायचे आणि आठवड्यानं मोडायचे. कामावरून आले की व्यायामशाळा, तिथून आले की जेवण, की झोप. त्या वर्षी मुंबईत मोठी मॅरेथॉन शर्यत ठरली. कोटातल्या, म्हणजे फोर्टच्या, मैदानातून पहाटे निघायचं, माहीमवरून घोडबंदर रस्त्यानं थेट बोरिवली गाठायची, तिथल्या वडाला वळसा घालून परत फिरायचं, जोगेश्वरीला रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेला यायचं आणि आमच्या चाळीपलीकडच्या मैदानात थांबायचं. सव्वीस मैल. मी म्हटलं, "एवढ्यात माणूस वसईला पोचेल." हे म्हणाले, "पोचेल, पण परत यायचं आहे ना."

परत यायचं आहे, हे शब्द माझ्या डोक्यात राहिले.

शर्यत शिमग्याच्या आधीच्या रविवारी होती, उन्हं तापायला लागली होती. आणि नेमकं त्याच आठवड्यात स्टुडिओत कुठल्याशा राजाचा दरबार उभा करायचा निघाला. रोज रात्रपाळी. शनिवारी सकाळी हे घरी आले तेव्हा डोळे लाल झालेले. मी म्हटलं, "या खेपेला राहू दे. पुढच्या वर्षी पळा." हे म्हणाले, "वस्तादांनी पाच जणांत निवडलंय. तोंड कसं दाखवू?" म्हटलं, "तोंड मला दाखवा, म्हणजे झालं." हसले आणि बूट खडूनं पांढरे करत बसले. मी रागानं आत गेले. राग कसला, भीतीच होती ती. पण भीती वाटते म्हणायची लाज वाटायची, म्हणून भांडायचं.

शर्यत संपली की सगळ्यांनी आमच्या ओट्यावर जमायचं ठरलं होतं, कारण आमचं घर मैदानाला सगळ्यांत जवळ. हीसुद्धा वस्तादांची पद्धत. मोठी शर्यत झाली की गरम पाण्यात मीठ टाकून त्यात पाय सोडून बसायचं, आणि जो आधी आला त्यानं आधी, अशा क्रमानं प्रत्येकानं आपली वाट सांगायची. कुठं दम लागला, कुठं पोटात दुखलं, कुठं कोण भेटलं. मध्ये कुणी बोलायचं नाही. "आजचं आज सांगा," वस्ताद म्हणायचे, "उद्या त्यात मीठमसाला पडतो." त्याचा खरा उपयोग पुढच्या शर्यतीला व्हायचा, कुणाचं काय चुकलं ते कळायचं. मी शेजारच्या काकूंकडून दोन घमेली आणून ठेवली होती आणि रवा भाजायला घेतला होता. शिरा यांच्या आवडीचा.

पाचांपैकी एकानं पाय मुरगळून माहीमलाच शर्यत सोडली होती, तो तिथूनच घरी गेला. उरले चार. पहिला आला तो पोस्टमन. उंच, शिडशिडीत, पायांना पत्रं वाटण्याची सवय. दम घेतला, घमेल्यात पाय सोडले आणि बोलायला लागला.

"वहिनी, कुत्र्यांना खाकी कपडे लागत नाहीत बघा. मी बनियनवर होतो, तरी सांताक्रूझपासून विलेपार्ल्यापर्यंत मागं होती. वासावरून ओळखतात मेली." सगळे हसले. मीही दाराआडून हसले. बायकांनी ओट्यावर यायचं नव्हतं, पण दारात उभं राहून ऐकायला कुणाची बंदी नव्हती. पुढं म्हणाला, "तुमच्या धन्याला मी पार्ल्याच्या पुढं मागं टाकलं. झकास चालला होता. मला म्हणाला, घरी सांग, शिऱ्यात तूप जास्त टाक."

मी आत जाऊन तूप जास्त टाकलं. त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं, हे आठवतंय.

दुसरा भांडुपचा. गिरणीत साच्यावर, कापडाच्या मागावर, काम करायचा, बोलणं मोठ्यानं, कारण गिरणीत हळू बोललेलं ऐकूच येत नाही. त्याच्या टाचांना फोड आले होते, पाय पाण्यात घालताना आईचं नाव घेतलं त्यानं. मग त्यानं बोरिवलीची गंमत सांगितली. वडाखाली पंच बसले होते, मनगटावर शाईचा शिक्का मारून परत सोडत होते.

"मी शिक्का मारून निघालो, तर आपला सुतार वडाला टेकून उभा. म्हटलं, काय रे, चल की. तर माझ्याकडे बघून म्हणतो कसा, मिस्त्री, फळ्या उतरवल्या का? दरबार उद्यापर्यंत उभा राहिला पाहिजे." भांडुपचा मांडीवर थाप मारून हसला. "मला मिस्त्री म्हणाला, वस्ताद! मी पण म्हटलं, उतरवल्या, चल. आणि आलो पुढं. लई गमत्या माणूस."

सगळे पोट धरून हसले. वस्तादसुद्धा मिशीत हसले. मी हसले नाही. आमचे हे शब्दाला पक्के, पण थट्टा कधी करायचे नाहीत. करायला गेले तरी जमायची नाही, आधी स्वतःच हसायचे. भांडुपच्याला मिस्त्री म्हणताना हे हसत होते का, एवढंच मला विचारायचं होतं. पण मध्ये बोलायचं नाही. मी दाराची चौकट धरून उभी राहिले, आत रवा खाली लागल्याचा वास यायला लागला तरी हलले नाही.

तिसरा वाकोल्याचा, कचेरीत कारकून, चष्मा दोऱ्यानं डोक्याला बांधून पळायचा. तो आला तो थेट भिंतीला टेकून बसला. त्याला बोलायचं नव्हतं, वस्तादांनी बोलतं केलं.

"गोरेगावच्या अलीकडे सुताराला गाठला मी," तो म्हणाला. "चालत होता. सरळ नाही, जरा असा वाकडा. पण वस्ताद, दमलेला वाटला नाही. माझ्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि त्याच्या अंगावर थेंब नाही. कोरडा ठणठणीत. म्हटलं, हा गडी ताजा आहे, शेवटी जोर मारेल आणि मलाच मागं टाकेल. म्हणून मी जोरात निघालो."

वस्तादांच्या हातात चहाची कपबशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पलटणीतल्या माणसाला घाम थांबल्याचा अर्थ माहीत होता. मला माहीत नव्हता, पण त्यांचं तोंड मला वाचता येत होतं.

"पुढं?" वस्ताद म्हणाले.

"पुढं जोगेश्वरीचं फाटक. मी ओलांडलं आणि चार ढांगा गेलो असेन, मागून गाडीची शिटी झाली. लांबलचक. मग लोक ओरडले. बायका ओरडल्या. काहीतरी गाडीखाली आलं असावं." तो थांबला. चष्मा काढून पुसायला लागला. "मी वळून बघितलं नाही."

घमेल्यातलं पाणी तेवढं हललं.

मी उंबरा ओलांडून बाहेर आले. चार परके पुरुष बसलेत, डोक्यावर पदर आहे की नाही, मला काही भान नव्हतं. "गाडीखाली कोण आलं?" मी विचारलं.

"मी बघितलं नाही, वहिनी."

"माणूस होता की काय होतं?"

"वहिनी, मी खरंच... नियम आहे ना." तो वस्तादांकडे बघत होता. त्याचा नाइलाज होता, हे मला आज कळतं. त्या वेळी वाटलं, घमेलं उचलून त्याच्या डोक्यात घालावं.

वस्ताद उठले. पायात वहाणा अडकवता अडकवता भांडुपच्याला म्हणाले, "तू मैदानात थांब, आला तर धरून ठेव." पोस्टमनला डॉक्टरांकडे पिटाळलं. वाकोल्याच्याला म्हणाले, "तू चल, कुठं दिसला ते दाखव." माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, तू घरी बस." म्हटलं, "मी बसणार नाही." काकू तेवढ्यात आल्या होत्या, त्या मालवणीत म्हणाल्या, "जावंदे ओ तिका. हयसर बसान ती येडी होतली." वस्तादांनी वाद घातला नाही.

टांगा केला. जोगेश्वरीपर्यंतचा तो रस्ता मला अजून संपलेला नाही, असं कधीकधी वाटतं. मी मनात देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. फक्त एक सांगते. घरात हळदीकुंकवाचा करंडा उघडाच राहिला होता आणि माझ्या मनात सारखं येत होतं की तो बंद करून यायला हवा होता. माणसाला भीतीत काय सुचेल, नेम नाही.

फाटकाशी गर्दी होती. रुळांच्या कडेला गोणपाटं टाकून काहीतरी झाकलं होतं आणि गोणपाटाखालून रक्ताचा ओघळ खडीत उतरला होता. माझे पाय टांग्यातून खाली उतरेनात. वस्ताद एकटे गेले. मी त्यांची पाठ बघत होते. ते वाकले, गोणपाटाचं टोक उचललं, परत टाकलं आणि तिथूनच हात हलवला, नाही म्हणून. म्हैस होती. जवळच्या तबेल्यातली, सुटून रुळावर आली होती. त्या मुक्या जिवाचं मला वाईट वाटायला हवं होतं. मला नुसतं रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं.

पण आनंद तेवढाच टिकला. वस्तादांनी फाटकवाल्याला विचारलं, "पांढऱ्या बनियनवरचा पळणारा, सुतार, गेला का इथून?" फाटकवाला म्हणाला, "पळणारे मायंदाळ गेले. नाव काय?" वस्ताद त्या वेळी वाकोल्याच्याशी बोलायला वळले होते. फाटकवाला माझ्याकडे बघत राहिला. "बाई, नाव सांगा की." मी खाली मान घातली. वस्तादांनी मागं वळून नाव सांगितलं तेव्हा माझी सुटका झाली. फाटकवाला म्हणाला, चष्मेवाला गेल्यावर बनियनवरचं कुणीच गेलं नाही.

म्हणजे हे फाटकाच्या पलीकडे कुठंतरी होते.

टांगा घोडबंदर रस्त्याला लावून आम्ही गोरेगावच्या दिशेनं निघालो. दोन्ही बाजूंना बघत. ताडाची झाडं, भाजीचे मळे, मध्येच एखादा बंगला. प्रत्येक झाडाखाली मला माणूस पडलेला दिसायचा आणि जवळ गेलं की दगड निघायचा. एका तबेल्यापाशी टांगेवाल्यानं आवाज दिला. तिथल्या भय्याच्या हातात एक बूट होता. कॅनव्हासचा, खडूनं पांढरा केलेला. मी तो ओळखला.

"इधर गिरा था, बाई," भय्या म्हणाला. "हमने पानी डाला सर पे, छांव में सुलाया. कुछ फर्नीचर का बोल रहा था. अभी उठा और भागा."

"किधर?"

त्यानं मागच्या पायवाटेकडे हात केला. ती वाट तळ्याच्या कडेनं जाऊन परत मुख्य रस्त्याला मिळायची, फाटकाच्या अलीकडे. आम्ही रस्त्यानं आलो तेव्हा हे पायवाटेनं उलटे गेले होते. टांगेवाल्यानं घोडा वळवला. वस्तादांच्या मांडीवर तो बूट होता.

फाटक दिसायला लागलं तेव्हा ते बंद होतं. पुढं भाजीच्या बैलगाड्या, गवताच्या गाड्या, सायकलवाले, सगळी रांग लागलेली. टांगा पुढं जाईना. आणि त्या गाड्यांच्या पलीकडे मला यांची पाठ दिसली. चिखलानं भरलेली बनियन, एका पायात बूट, एक पाय अनवाणी. अख्ख्या मुंबईत ती पाठ मी ओळखली असती, मी दुसरं काय बघितलं होतं? हे पळत होते. म्हणजे पाय तेवढे पळत होते, वरचं अंग कुणी दोरीनं ओढल्यासारखं चाललं होतं.

वस्ताद टांग्यात उभे राहून ओरडले, "थांब रे! थांब!" त्यांचा पलटणीतला आवाज. यांच्या कानावर तो गेला, कारण यांनी मान खाली घालून जोर केला. त्या आवाजावर हे वर्षानुवर्षं पळत आले होते. मागून वस्तादांचा आवाज आला म्हणजे जोर करायचा, आणि वळून बघायचं नाही, एवढंच यांच्या डोक्यात उरलं होतं. वाकोल्याच्यानं हाक मारली, "अरे सुतारा!" त्याचाही उपयोग झाला नाही. त्याचे पाय आखडले होते, टांग्यातून उतरला आणि तिथंच बसला.

मी उडी मारली. नऊवारीचा काष्टा खोचला आणि गाड्यांमधून पळाले. जन्मात पळाले नव्हते तशी. बैलाच्या शिंगाला पदर अडकला, फाटला. "अहो!" मी ओरडले. "अहो, थांबा!" एक गाडीवान वळला. सायकलवाला वळला. केळीवाला वळला, म्हणाला, काय बाई? जेवढे पुरुष तिथं होते तेवढे सगळे वळले, एक माझा सोडून. सगळ्या बायका आपापल्या नवऱ्याला अहोच म्हणतात, त्यांत माझा अहो वेगळा कसा कळणार.

हे फाटकाच्या दांड्यापाशी पोचले आणि वाकून दांड्याखालून आत गेले. फाटकवाला पलीकडच्या बाजूला होता, त्यानं हातातलं लाल निशाण हलवलं, शिव्या घातल्या. बोरिवलीकडून मेल येत होती. रूळ वाजत होते, मला पायाखाली कळत होतं.

आता सांगते ते नीट ऐका. मला नाव येत होतं. तोंडात होतं. आणि मला ते घेता येत नव्हतं. गाडी समोर दिसत होती आणि तरी माझ्या डोळ्यांपुढं ती गावची बाई उभी राहिली, मोकळ्या कपाळाची. घेतलं तर मी मारलं, नाही घेतलं तर गाडी मारेल. एवढा विचार करायला किती वेळ लागतो? काहीच नाही. पण तेवढ्यात यांनी पुढचं पाऊल उचललं होतं.

मी नाव घेतलं. नुसतं नाव. पुढं राव नाही, मागं अहो नाही. आई लेकराला मारते तशी हाक मारली.

हे थांबले. आणि वळून बघितलं.

यांच्या पाठीमागून गाडी गेली. इतक्या जवळून की बनियन हवेनं फुगली. डबे जात राहिले, जात राहिले, आणि हे माझ्याकडे बघत उभे, तोंड किंचित उघडं, एक हात वर केलेला. शेवटचा डबा जाईपर्यंत मी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. मला वाटत होतं, मी नजर काढली तर हे परत वळतील.

मग दांड्याखालून मीच आत गेले आणि यांचं मनगट धरलं. त्यावर बोरिवलीच्या शिक्क्याची शाई होती, आणि अंग तव्यासारखं तापलेलं. हे म्हणाले, "तू इथं काय करतेस? शिरा झाला?" मी म्हटलं, "करपला." आणि मग मला जे रडू फुटलं, ते फाटकवाल्याच्या शिव्यांनीही थांबलं नाही.

डॉक्टरांनी ओल्या चादरीत गुंडाळलं, साखरमिठाचं पाणी चमच्या चमच्यानं पाजलं, आणि म्हणाले, आणखी थोडं ऊन लागलं असतं तर आटोपलं होतं. दिवस कलला तसे हे माणसात आले. कुणीच घरी गेलं नव्हतं. वाकोल्याचा तर दारातच बसून होता, त्याला मी चहा दिला तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. वस्ताद खाटेपाशी आले. मला वाटलं, आता तरी सोडतील. पण पद्धत ती पद्धत. म्हणाले, "चौथा तू. सांग तुझी वाट."

हे म्हणाले, "पार्ल्यापर्यंत आठवतंय. मग दरबाराच्या फळ्या दिसत होत्या. पुढचं काही नाही."

"मग अर्धीच राहिली," वस्ताद म्हणाले.

"उरलेली मी सांगते," मी म्हटलं. चार पुरुषांसमोर, खाटेच्या कडेला बसून, भय्याच्या बुटापासून फाटकापर्यंत सगळं सांगितलं. नाव घेतलं तेही सांगितलं. मध्ये कुणी बोललं नाही. झाल्यावर वस्ताद खाली बघत म्हणाले, "नियम माझा होता." एवढंच. नियम त्यांनी मोडला असं कधी बोलून दाखवलं नाही. पण पुढच्या वर्षीपासून शर्यतीत सगळ्यांत शेवटच्या गड्याच्या मागं स्वतः सायकलवर यायला लागले, सायकलला पाण्याची कळशी बांधून.

सगळे गेल्यावर यांनी मला विचारलं, "खरंच नाव घेतलंस?"

"घेतलं."

"मला वाटलं, आई आली." यांची आई लग्नाआधीच गेलेली. "आता नावानं हाक मारणारं कोण आहे? स्टुडिओत सुतार, इथं सुतार. म्हणून वळलो." मग जरा वेळानं, लाजत, "आणखी एकदा घे की."

"परत फाटकात जाऊन उभे राहाल तेव्हा घेईन," मी म्हटलं. हसले. मला हसू आलं नाही. यांना सांगितलं नाही, पण माझा हिशेब तिथून सुरू झाला होता. नावानं आयुष्य कमी होतं, मग किती कमी केलं मी? यांना नुसती सर्दी झाली तरी मी रात्रभर उशाशी बसायची. कामावरून यायला उशीर झाला की ओट्यावर येऊन उभी राहायची. पुढची सगळी वर्षं ती भीती माझ्याबरोबर नांदली, सवतीसारखी. मात्र रस्त्यानं जाताना हे वळून बघायला लागले. चार पावलं गेले की मागं बघायचे, मी आहे ना म्हणून. लोक थट्टा करायचे. यांनी पर्वा केली नाही.

चांगले म्हातारे होऊन गेले हे. नातवंडं बघून. शेवटच्या दिवशी इस्पितळात कुशीवर निजवलं होतं, माझ्याकडे पाठ करून. श्वास लांबत चालला होता. तेव्हा मला कळलं की आता कमी व्हायला काही शिल्लक नाही, आता भ्यायचं कारण नाही. मी वाकले आणि नाव घेतलं. फाटकापाशी घेतलं होतं तसंच, नुसतं नाव. मग आणखी एकदा घेतलं, जरा मोठ्यानं.

हे वळले नाहीत.